पणजीचं नाव काय?



कीर्तनाला उभं राहिलो की आम्ही आदिनाथापासून सुरू करतो. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय. एका दमात, कधी अडखळलो नाही. पण वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींनी वडील, आजा, पणजा विचारले, ते दिले. मग म्हणाले, "आई, आजी, पणजी?" पणजीला आम्ही थांबलो. सारी भावकी एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. गुरुजींनी नावावाचून पुढं नेलं. गावोगाव ज्ञान सांगत फिरणारे आम्ही, त्या दिवशी मान वर करवेना.

घरी येऊन आत्यापाशी बसलो. नव्वदीची ती. सरळ विचारलं तर म्हणाली, "मला रं काय ठावं?" मग जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या, तर तिसऱ्या-चौथ्या ओवीत नाव आपसूक आलं! म्हातारीला वंशावळ विचारू नका. लग्नं कुठं झाली, दुष्काळात कोण कुठं गेलं, कुणाचं लेकरू कुणाच्या मांडीवर वाढलं, हे विचारा. पणजीचं माहेर विचारलं, तर एवढंच म्हणाली, "ते पाण्यात गेलं." भाटघरच्या धरणात वेळवंडीकाठची गावं बुडाली, त्यातलं कुठलं तरी. वारीहून आल्यावर नीट विचारू म्हटलं. वारी झाली, मग भाताची लावण निघाली. मोकळे झालो तेव्हा आत्या राहिली नव्हती.

कागदाचं म्हणाल तर कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली टिळकांच्या हाती गेली, म्हणून शिवरायांच्या जन्माची १६३० ची तिथी लोकांना कळली. आपण काही देशमुख नव्हे. पण सातबारा तर हाय ना? त्यावर फेरफाराचे नंबर असतात. एकेक फेरफार काढत मागं जायचं. 'अमुक मयत, वारस अमुक' असं त्यात लिहिलेलं असतं, कधी विधवेचं, लेकीचं नावही सापडतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा, कचेरीतली जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं बघा. भोर १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान होतं, तेव्हा जुना कागद त्या वेळचा निघेल, अन् मोडीत असेल. फाडू नका, चुलीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात, एखाद्या शिकल्या नातवाला धाडा. त्र्यंबकेश्वरी गेलात तर आपल्या गावाचे उपाध्ये कोण ते विचारा, त्यांच्या वह्यांत आडनाव-गाववार नोंदी असतात.

अलीकडं दाखल्यासाठी पुष्कळ जण कचेरीत कुणबी नोंद शोधतात. चांगलं आहे. पण नोंद सापडली की रजिस्टर मिटतात, अन् वरच्या ओळीतली आजी तशीच राहते.

आम्ही वहीत पणजीचं नाव लिहिलं आहे. माहेराची जागा कोरी ठेवली आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की त्या काठच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारतो. दोन वर्षं झाली, अजून लागलं नाही.

आपल्या दिंडीच्या वहीत बापाचं नाव, गाव अन् वर्गणी एवढंच लिहीत आलो. औंदा दोन रकाने वाढवले आहेत, आईचं नाव अन् आईचं माहेर. रात्री हरिपाठ झाला की वही फिरेल. वेळवंडीकाठच्या माहेरवाशिणी असतील त्यांनी आधी आमच्यापाशी यावं.