घरकुल मिळाले, जागेचे काय?

(पेण व रोहा तालुक्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



एम.एस.डब्ल्यू. करून मी पेणला आले, तेव्हा वाटायचे की घरकुलाचा अर्ज नीट भरला म्हणजे काम झाले. एका कातकरी वाडीवरच्या ताईने हा समज मोडला. तिचे नाव यादीत होते, खाते उघडले होते. पण झोपडीखालची जमीन खाजगी मालकाची. पाया खणायला घेतला आणि मालकाने काम थांबवले. ती म्हणाली, "बाई, घर दिलंत, आता ठेवू कुठं?" याचे उत्तर माझ्या पदवीत नव्हते.

योजना नाहीत असे नाही. 1985 साली इंदिरा आवास योजना आली; 2016 पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आहे. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे द्यावे, असा नियम आहे. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याची 2015 पासून मदत आहे. 2023 च्या जनमन योजनेत कातकऱ्यांच्या घराला 2 लाख रुपये ठरले.

मग अडते कुठे? 26 जानेवारी आणि 1 मेच्या ग्रामसभेला वाडी जवळजवळ रिकामी असते. माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. यादी तपासणार कोण? आणि जमीनमालकच कामही देणारा असेल, तर त्याच्याशी एकटीने भांडायचे म्हणजे रोजावर पाणी सोडायचे.

म्हणून महासंघ हवा. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या पालिका हटवू शकते. पुढच्याच वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' उभे केले. थोडे थोडे पैसे साठवले, घराचा आराखडा स्वतः ठरवला, आणि झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाबरोबर सरकारशी बोलणी केली.

आपणही वाडीवाडीची यादी करू: कोण राहते, किती वर्षे, जमीन कुणाची. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला बायका वाडीवर असतात. त्या ग्रामसभांत यादी मांडू, ठरावाची नक्कल मागू. विधवा, टाकलेल्या बायकांची नावे सर्वांत आधी लिहू. तीच आधी सुटतात.

त्या ताईला अजून जागा मिळालेली नाही. पुढच्या खेपेला तहसील कचेरीत ती एकटी नसेल, एवढे ठरवूनच आज उठू या.