गॅलरीत गर्दी करण्याआधी

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. घराबाहेर या, जरा लांब उभे राहा आणि आपल्या गॅलरीकडे खालून बघा. का, ते सांगतो.

मी यवतमाळचा. आमचा दुर्गोत्सव तुम्हाला माहीतच आहे. मिरवणूक निघाली की रस्त्याकडेची एकही गॅलरी रिकामी राहत नाही. मागच्या वर्षी आमच्या गॅलरीत आम्ही पंधरा जण होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई झाडायला गेली, तर खाली ताटाएवढा पोपडा पडलेला. वर गंजलेली सळई दिसत होती. आई एवढंच म्हणाली, "हे रात्री पडलं असतं तर?"

मिस्त्री म्हणाला, "प्लास्टर मारून देतो, दोन तासांचं काम आहे." नशीब, बाबांनी आधी ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी मला पाण्याची बादली दिली आणि म्हणाले, "हात सरळ पुढे करून धर. ताण कुठे येतो?" खांद्याच्या वरच्या बाजूला! बाहेर काढलेल्या गॅलरीचंही तसंच. ती एकाच बाजूने घराला धरून असते, म्हणून तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या भागात हवी. स्लॅब टाकताना मजुरांच्या पायाखाली ती दबली, तर गॅलरी पहिल्या दिवसापासूनच कमजोर.

दुसरा शत्रू म्हणजे पाणी. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर गॅलरीत ठिबकत असतो, मग पावसाळा येतो. भेगेतून पाणी सळईपर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. वरून प्लास्टर मारलं की गंज झाकला जातो, थांबत नाही.

हे फक्त जुन्या घरांचं दुखणं नाही बरं का. 16 जून 2015 ला अमेरिकेत बर्कली शहरात वाढदिवसाच्या पार्टीत एक गॅलरी कोसळली. तिच्यावर 13 जण होते, त्यातले 6 गेले. बहुतेक तुमच्या-माझ्या वयाचे. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. पाणी मुरून आतले लाकडी बीम कुजले होते. त्यानंतर 2018 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीतल्या अशा लाकडी गॅलऱ्या दर 6 वर्षांनी तपासायच्या.

आपल्या स्वतःच्या घराला असं विचारायला कोणी येत नाही. म्हणून पावसाळा संपला की, नवरात्राआधी, अर्धा तास काढा.

एक, गॅलरीची फरशी जिथे भिंतीला मिळते तिथे भिंतीला समांतर भेग आहे का? ही सगळ्यात वाईट खूण.

दोन, खालून तांबूस डाग, ओल, पोपडे दिसतात का? काठीने हलकेच ठोका, पण बरोबर खाली उभं राहून नाही. भद्द आवाज आला तर आत पोकळी आहे.

तीन, बादलीभर पाणी ओता. ते निघून गेलं पाहिजे, साचता कामा नये.

चार, आत उभं राहूनच कठडा हलवून बघा, टेकू नका. ग्रिलचे पाय जिथे फरशीत जातात तिथेच ते आधी गंजतात. कठडा निदान 1 मीटर उंच हवा.

पाच, माडी लाकडी असेल तर बीमच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. वाळवीची मातीही बघा.

आणि वजन! 500 लिटरची भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच 500 किलो, सात-आठ माणसांएवढं. ती गॅलरीत नको.

पहिली खूण दिसली किंवा सळई उघडी पडली, तर त्याच दिवशी गॅलरीचं दार बंद करा, खालची ये-जा थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. टेकू कुठे लावायचा तेही त्यांनाच ठरवू द्या.

आमची गॅलरी शेवटी पाडून नव्याने बांधावी लागली. खर्च झाला, बाबा कुरकुरले. पण आई आता निवांत अंगण झाडते.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!