अंतर किलोमीटरचे आणि अंतर तासांचे



चालकांनी मला विषय दिला आहे मुंबई-अहमदाबाद अंतराचा आणि विमानाला लागणाऱ्या वेळाचा. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गेटसभेत आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा हिशेब कामगाराच्या रीतीने मांडतो.

मुंबई ते अहमदाबाद हवाई अंतर सुमारे 440 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेगाने हे 33 मिनिटांचे काम. पण वेळापत्रक सव्वा तासाच्या आसपास वेळ दाखवते. असे का? विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते. धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, वर चढणे, वेग कमी करीत उतरणे, सारे हिशेबात धरतात. विमान थांबून राहिले तरी तो वेळ मोजला जातो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या थैल्या होत्या. म्हणजे चिठ्ठीच्या वेळालाही त्या काळी किंमत आली होती.

आता खाली जमिनीवर या. पालघर ते चर्चगेट सुमारे 90 किलोमीटर. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, ही मोठी सोय झाली. तरी या प्रवासाला दोन तासांच्या आसपास लागतात. बोईसरच्या कारखान्यात सात वाजताच्या पाळीला विरारकडून येणारा माणूस पहाटे घर सोडतो. त्याचे घड्याळ मात्र कारखान्याच्या फाटकाशी सुरू होते. आठ तासांची पाळी त्याच्या घरच्यांना बारा तासांची पडते.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमचा एक सोबती रात्रपाळी संपवून सायकलने घरी जाताना ट्रकखाली सापडला. भरपाई मागायला गेलो, तर कचेरीत एकच प्रश्न आला : "तो कामावर होता का?" त्याच्या बायकोसमोर मला उत्तर सुचले नाही.

ते उत्तर पुढे कायद्याने दिले. 2010 मध्ये राज्य कामगार विमा कायद्यात दुरुस्ती झाली. घर ते कामाची जागा आणि परत, या वाटेवरचा अपघात कामावरचाच समजावा; मात्र अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध व्हावा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व राहिले. पण कंत्राटदाराने नावच नोंदवले नसेल, तर हे कलम कागदावर राहते.

आता बुलेट ट्रेनचा मार्ग ठरला आहे : 508 किलोमीटर, 12 स्थानके, त्यांत आपले बोईसर, वेग ताशी 320. मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला अहमदाबाद दोन तास सात मिनिटांवर येईल, असे सांगतात. मी वेगाचा वैरी नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांच्या शेतांतून हा रूळ जातो आणि ज्यांच्या दारावरून ही गाडी धावणार, त्यांच्या पहाटेच्या दोन तासांचाही कोणी हिशेब मागावा.

आज घरी गेल्यावर एक वही करा. घर किती वाजता सोडले, कोणत्या गाडीने गेलो, परत केव्हा आलो, रोज दोन ओळी लिहा. कंत्राटी सोबत्याला त्याचा विमा क्रमांक विचारा; नसेल तर युनियनकडे घेऊन या. उद्या कोणी विचारले, "तो कामावर होता का?", तर त्या माउलीच्या हातात ही वही असू द्या.