परतीची वाट : मोटारीच्या लुकलुकत्या दिव्यांविषयी



जबलपूर हे मोटारी चालवणाऱ्यांचे, तसेच त्या घडवणाऱ्यांचेही शहर आहे. 1904 मध्ये येथे गन कॅरिज फॅक्टरी उभी राहिली. जर्मन ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने बनणारे ‘शक्तिमान’ ट्रक तेथूनच बाहेर पडू लागले. 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली, आणि ‘जोंगा’ या लष्करी गाडीच्या नावातला पहिला ‘ज’ तर जबलपूरचाच. अशा गावातही दिवा लुकलुकू लागला की गाडीचा मालक दुकानातून नवा बल्ब घेऊन येतो आणि चार दिवसांनी पुन्हा तिथेच उभा राहतो, हे नवलाचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत येथील कितीतरी मराठी कुटुंबे नागपूरची वाट धरतात. सिवनीच्या पुढे पेंचचे जंगल लागते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. दिवा अर्धा सेकंद मावळला तरी 11 मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो, आणि मागे मुले झोपलेली असतात.

म्हणून पहिला प्रश्न असा की, एकच दिवा लुकलुकतो की सगळे? सगळे एकदम मंदावत असतील तर दोष मुळाशी असतो : बॅटरीची सैल किंवा पांढरी बुरशी धरलेली टोके, घसरणारा पट्टा, थकलेला अल्टरनेटर. इंजिनाचा वेग वाढताच उजेड वाढत असेल, तर संशय अल्टरनेटर आणि पट्ट्याकडे जातो. खड्ड्यात धक्का बसताच दिवा थरथरत असेल, तर कुठेतरी जोड सैल आहे. एकच दिवा त्रास देत असेल तर त्याचा होल्डर आणि त्याची तार पाहावी. बल्ब हा बहुधा शेवटचा संशयित असतो.

खरी गंमत मात्र परतीच्या वाटेत आहे. शाळेत परिपथाची आकृती काढताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा सारख्याच काळजीने काढाव्या लागतात. मोटारीत दुसरी तार बहुतेक ठिकाणी नसतेच; विजेला परत नेण्याचे काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. जिथे दिव्याची तार या सांगाड्याला स्क्रूने जोडलेली असते, तिथे पावसाळ्यात गंज धरतो. मग मिस्त्री म्हणतो, ‘अर्थ नहीं मिल रहा.’ मराठी कानांना हे वाक्य तत्त्वज्ञानाचे वाटते, पण त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. मागच्या दिव्यात हा दोष झाला की ब्रेक दाबताच भलताच दिवा मंद पेटतो, कारण अडलेली वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून परतीची वाट शोधते.

गंजाचा परिणाम किती? 55 वॅटच्या बल्बमधून 12 व्होल्टवर सुमारे 4.6 अँपिअर प्रवाह जातो. जोडात केवळ 0.2 ओहमचा रोध आला तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने उतरत असल्यामुळे, एवढ्यानेच उजेडाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग नाहीसा होतो.

हे मल्टिमीटर दाखवते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. चालू असताना आकडा साधारण 13.8 ते 14.4 च्या दरम्यान हवा. दिवा पेटलेला असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या टोकावर ठेवावी. अर्धा व्होल्ट दिसला, तर परतीच्या वाटेत खोट आहे, हे नक्की.

दुरुस्ती बहुधा कवडीमोल असते. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे, अर्थचा स्क्रू काढावा, धातू चमकेपर्यंत पॉलिशपेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. पट्टा किंवा अल्टरनेटर मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर पारखण्याची जुनी युक्ती कोणी सांगितली, तर हसून नकार द्यावा; विजेच्या उसळीने आजच्या गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. जादा वॅटचा बल्ब बसवणे हेही असेच घातक : होल्डर वितळतो आणि दोष जिथे होता तिथेच राहतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करावी, इंजिन बंद ठेवून दिवे लावावेत आणि एकाने बॉनेटखालची एकेक तार व जोड हळूच हलवत जावे. दुसऱ्याने, घरातल्या शाळकरी मुलानेही चालेल, भिंतीवरच्या उजेडाकडे पाहत राहावे. जिथे बोट लागताच उजेड थरथरेल, तिथे थांबावे.