दवाखान्याची खोली कशी मांडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली, घरात रमलेली बाई. पण घर मांडणे हे तर आपणा सर्वांचे रोजचेच काम. चूल कोठे, पाणी कोठे, आजारी माणसाची खाट कोणत्या भिंतीशी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दवाखान्यात मात्र खोली बांधणारे वेगळे, सामान लावणारे वेगळे, आणि खाटेवर निजणाऱ्याला कोणी विचारीतच नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

माझे माहेर मिरजेकडचे, सासर सातारा जिल्ह्यातले. दोन्हीकडे आजाऱ्यांसाठी मुद्दाम निवडलेल्या जागा आहेत. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले. पुढे सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या भागाला आजही वानलेसवाडी म्हणतात. इकडे पाचगणीच्या डोंगरावर डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ काढले. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. तोवर मोकळी हवा, ऊन, सकस अन्न आणि विश्रांती यांवरच सारी भिस्त. (आणि त्याच काळात आपल्याकडे बाळंतिणीला खिडकी लावून, शेगडीच्या धुरात कोंडीत असत, हेही आठवावे!)

आता कोणी म्हणेल, औषधे आली, मग खिडक्यांचे एवढे कौतुक कशाला? तर क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेतून पसरतात. पेरू देशातील लिमा शहरात काही डॉक्टरांनी इस्पितळांतील हवा मोजली; ते २००७ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारे उघडली म्हणजे जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत नव्या खोल्यांच्या दुपटीहून अधिक हवा खेळते, असे आढळले. म्हणजे खिडकी उघडी असली तर शेजारच्या बाकावर बसलेली लेकुरवाळी वाचते.

हे मला माझ्या भाचीने सांगितले. ती पुण्यात खोल्यांची अंतर्गत सजावट शिकते. तिनेच फिनलंडमधल्या पायमियो येथील क्षयरोगाच्या इस्पितळाची चित्रे दाखविली. ते १९३३ साली पुरे झाले. आल्वार आल्टो आणि त्यांच्या पत्नी आयनो यांनी त्याची आखणी केली. त्यांनी विचार असा केला की रोगी उताणा निजतो, त्याला दिवसभर दिसते ते छत. म्हणून छताला डोळ्यांना निववील असा हिरवट रंग. दिवा अशा जागी, की उजेड डोळ्यांत येऊ नये. हात धुण्याचे भांडे अशा उताराचे, की एकाने पाणी सोडले तर दुसऱ्याची झोप मोडू नये. मला तर हे एखाद्या सासुरवाशिणीने केल्यासारखे वाटले. रात्री भांड्याचा आवाज होऊ न देता काम कसे करावे हे तिलाच ठाऊक!

आता आपल्याजवळचे सांगते. एक दवाखाना मी पाहते, नाव घेत नाही. तेथे औषधे मिळतात, डॉक्टरीणबाई मायाळू आहेत. पण मोठी खिडकी कागदपत्रांच्या कपाटाने बुजली आहे. ट्यूबलाइट नेमकी खाटेच्या डोक्यावर. बसायला लोखंडी बाकडे, पाठ टेकायला काही नाही. नऊ महिन्यांची बाई त्यावर दोन-दोन तास अवघडून बसते. सोबतच्या सासूने पिशवी टांगायची कोठे? खुंटीसुद्धा नाही. संडासाला आतून कडी नाही. आणि तपासणीचे टेबल दाराच्या समोर, मध्ये आडपडदा नाही. दार उघडले की व्हरांड्यातली सारी माणसे दिसतात.

आमच्या आळीतली एक पोर सहाव्या महिन्यानंतर तपासायला गेलीच नाही. घरी सांगे, बरे वाटते. खरे कारण तिने मला तुळशीपाशी हळूच सांगितले: “काकू, तिथं लई लाज वाटती.” पुढे पायांवर सूज आली, रक्तदाब वाढला आणि रात्री गाडी करून तिला साताऱ्यास न्यावे लागले. दोघे सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण वेळ टळली ती कशाने येऊ पाहत होती? चार वार कापडाच्या अभावाने! यासाठी आरसीसीची नवी इमारत लागत नाही.

बाळंतपणाच्या खोलीत आडोसा हवा, हे सरकारच्या २०१७ सालच्या ‘लक्ष्य’ योजनेतही आहे. सरकारी आरोग्य केंद्रांना रुग्ण कल्याण समिती असते, किरकोळ सोयींसाठी तिच्याकडे थोडा पैसाही असतो. आपण भांडायला जायचे नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून जायचे, कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवता येईल का, टेबलाचे तोंड फिरवता येईल का, ते त्यांच्याबरोबर उभे राहून पाहायचे. कडी आणि खुंट्या तर सुतार एका दुपारात बसवील.

पडदा मात्र आपण शिवू. मांजरपाट दुहेरी घ्यावा, म्हणजे आरपार दिसणार नाही आणि उकळत्या पाण्यात धुता येईल. रेशमी, फुलाफुलांचे नको. दोन धुण्यांत उतरते. एक जोड अंगावर, एक धुण्यात, असे दोन जोड हवेत. शिवणवर्गाची यंत्रे आहेतच. ज्यांना यायचे आहे त्यांनी सोमवारी दुपारी तीनला मंडळात यावे, येताना मापाची पट्टी आणावी.