पांढऱ्याची पारख

दिल्लीस जाऊन आलेल्या श्रोत्यांना हुमायूनची कबर आठवत असेल. सोळाव्या शतकातील ही वास्तू; भिंती लाल दगडाच्या, घुमट पांढऱ्या संगमरवराचा. मावळत्या उन्हात त्या घुमटावर केशर चढते, तरी तो मुळात पांढरा आहे हे डोळा विसरत नाही. कॅमेऱ्यापाशी ही समज नसते. ‘व्हाइट बॅलन्स’ स्वयंचलित ठेवला, तर तो पुष्कळदा त्या केशरालाच दोष मानून चित्रात निळसरपणा वाढवतो, आणि सायंकाळच नाहीशी होते! म्हणून जाणता छायाचित्रकार ‘डेलाइट’, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनचा पर्याय निवडतो. उन्हाचा तांबूसपणा मग शाबूत राहतो. घरातील पिवळ्या दिव्याखाली मात्र हाच पर्याय माणसांचे चेहरे हळदीने माखल्यासारखे दाखवील. तेथे ३००० केल्विनच्या आसपास राहणे बरे. साडीचा रंग हुबेहूब हवा असल्यास त्याच प्रकाशात करडा पुठ्ठा धरून, त्यावरून माप ठरवावे.

नोव्हेंबरातल्या धुरकट दिल्लीची गोष्ट निराळी. तिचे पिवळट आकाश यंत्राने धुऊन काढले, तर छायाचित्र देखणे होईल. परंतु त्या दिवशी माणसे कोणत्या हवेत श्वास घेत होती, हे त्यावरून पुढे कोणास कळणार नाही.