मिलचं हॉटेल होईल, पण कुणासाठी?

आजचा विषय आपल्या गावातलाच आहे.

मी नांदेडचा. माझे आजोबा उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. मिलचा भोंगा झाला की आजी चुलीवर तवा ठेवायची, इतकं ते घर मिलच्या वेळेवर चालायचं. निजामाच्या काळातली ही मिल १९७४ च्या कायद्यानं सरकारकडे आली आणि पुढं बंद पडली.

मागच्या सुट्टीत चहा पिताना मित्र म्हणाला, "भाऊ, असल्या जुन्या मिलमध्ये काय भारी हॉटेल होईल!"

खरंय, होतं तसं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन बंदरावर १९२४ चा धान्याचा उंच सायलो होता. २०१७ मध्ये त्याच्या खालच्या भागात कलेचं म्युझियम झालं आणि वरच्या मजल्यांवर हॉटेल. पाडापाडी न करता नवं काम दिलं. आम्ही जुना कोड फेकून न देता सुधारतो ना, तसंच.

पण हे वाटतं तितकं सोपं नाही. यंत्रांसाठी बांधलेल्या इमारती भक्कम असतात, मात्र प्रत्येक खोलीला पाणी, संडास, हवा लागते. आणि आग लागली तर बाहेर पडायला वाट लागते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली, १४ जण गेले. नुसता जुन्या विटांचा लूक ठेवून भागत नाही.

आता खरा मुद्दा. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिल होती, १९०५ सालची. आज तिथं मॉल आहे, पंचतारांकित हॉटेल आहे. हॉटेल मात्र मिलच्या इमारतीत नाही, नव्या टॉवरमध्ये आहे. मिलची चिमणी तेवढी उभी आहे. लोक तिच्यासोबत सेल्फी काढतात.

हे असं कसं झालं? १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संपानंतर मिली एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ मध्ये नियम आला: मिलची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, इमारतींखालची जमीन हिशेबात धरायची नाही. झालं! शहराचा आणि घरांचा वाटा एकदम आटला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो बदल कायम ठेवला.

मी रोज कोड लिहितो. एक अट बदलली की सगळा निकाल बदलतो, हे मला माहितीय. इथं त्या एका अटीवर हजारो घरं अडली होती.

म्हणून मित्राला मी म्हटलं, हॉटेल होऊ दे की! हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून लोक येतात, त्यांना खोल्या लागतातच. पण भाडं त्यांना परवडणारं हवं. लातूरला बारावीला असताना मी सहा बाय आठच्या खोलीत राहिलो. तिथं एखादी जुनी दालमिल रिकामी असेल तर मी हॉटेलआधी वसतिगृह आणि अभ्यासिका मागेन. प्रत्येक गावाची गरज वेगळी.

नियम ठरतात तेव्हा आपण रील बघत असतो आणि पाटी लागल्यावर चिडतो. नगरपालिका असो की महानगरपालिका, जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर हरकती-सूचना मागवतात. त्या मुदतीत एक अर्ज द्या. मोबाइलवर टाइप करायला दहा मिनिटं लागतात.

आणि घरी कुणी मिलमध्ये कामाला असेल तर आजच त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. माझे आजोबा गेले, भोंग्याची वेळ विचारायची राहून गेली.

भेटू पुढच्या भागात!